बेलरला कुठलाही दोरा चालतो, हे खरं नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या शेती पुरवणीत काडाचे गठ्ठे बांधणाऱ्या बेलर मशीनवर जवळपास पाऊण पान आलं होतं. वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडं नेवासा तालुक्यात आता गव्हाचं काड असो नाहीतर उसाचं पाचट, गठ्ठे करून घेणारे दरवर्षी वाढतायत. ट्रॅक्टर किती एचपीचा लागतो, अनुदानाचा अर्ज कुठं करायचा, तासाला किती गठ्ठे पडतात, सगळं व्यवस्थित दिलं होतं. फक्त शेवटी एक ओळ होती की बांधायला बाजारात मिळणारा कुठलाही दोरा चालतो. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी नऊ सीझन झाले भाड्याने बेलर चालवतो, त्याआधी आयटीआयला फिटर करून एका गॅरेजला होतो. अनुभवाने सांगतो, बेलरमध्ये काड उचलणं, ढकलणं, दाबणं ही सगळी हमालीची कामं आहेत, डोक्याचं काम एकच, गाठ मारणं. ते करणारा जो भाग आहे, नॉटर, तो दोन पंजांत मावेल एवढा. एवढं मोठं धूड, आणि सगळा जीव त्या एवढ्याशा लोखंडात. तो रुसला की ट्रॅक्टर, ड्रायव्हर, गठ्ठे भरायला आलेली माणसं, शेताचा मालक सगळे बांधावर बसतात आणि माझ्या तोंडाकडं बघत राहतात.

तुमच्या पुरवणीत या नॉटरचं नावसुद्धा नव्हतं म्हणून ज्यांनी कधी आत डोकावलं नाही त्यांच्यासाठी सांगतो (डोकावायचं ते इंजिन बंद करून, पीटीओचा, म्हणजे ट्रॅक्टरवरून बेलर फिरवणारा, शाफ्ट काढून, फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवत, बोटं गेलेली माणसं मी बघितलीत). दोऱ्याचं एक टोक वर नॉटरच्या चकतीत चिमटून धरलेलं असतं, तिथून दोरा खाली सुईच्या नेढ्यातून गोळ्यापर्यंत गेलेला. काड येईल तसा गठ्ठा त्या आडव्या आलेल्या दोऱ्याला रेटत पुढं सरकतो, म्हणजे दोरा वरून, तोंडावरून आणि खालून असा तीन बाजूंनी आपोआप बसतो. वर एक दातेरी चाक असतं, ते गठ्ठ्याबरोबर फिरत लांबी मोजतं, लांबी भरली की खटका पडतो. मग खालून सुया वर येतात. सुई म्हणजे शिवणाची नव्हे, हातभर लांब, विळ्यासारखी वाकडी, आणि ती दाबणाऱ्या प्लंजरच्या खाचेतून बरोब्बर वेळेला जाते, वेळ चुकली तर प्लंजर तिला काडीसारखी मोडतो. ती सुई दोऱ्याचा दुसरा पदर घेऊन वर येते, म्हणजे गठ्ठ्याची चौथी बाजू बंद, आणि तो पदर पहिल्या पदराच्या शेजारी ठेवून देते.

आता खरी गंमत. नॉटरच्या मधोमध एक तुकडा असतो, बिलहुक, मी त्याला चोच म्हणतो कारण ती हुबेहूब पोपटाच्या चोचीसारखी दिसते, एक भाग पक्का आणि एक जीभ उघडझाप करणारी. दोन्ही पदर तिच्यावर आडवे पडलेले असतात. ती स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेते, दोरा तिच्या गळ्याभोवती गुंडाळला जातो, फास तयार. गिरकी संपता संपता चोच उघडते, दोन्ही पदर दाताखाली धरते आणि मिटते. तेवढ्यात पातं येऊन चोच आणि चकतीच्या मधला दोरा कापतं, आणि पात्याच्या मागोमाग एक लोखंडी हात येऊन तो फास चोचीवरून ओरबाडून काढतो. टोकं तर चोचीने धरून ठेवलीत, फास त्यांच्यावरून पुढं गेला, म्हणजे टोकं फासाच्या आत आली. झाली निरगाठ. आपण बोटाभोवती दोरा फिरवून, टोक आतून ओढून घेऊन, बोट काढून घेतो की नाही, अगदी तेच, बोटाच्या जागी चोच एवढाच फरक. नव्या दोऱ्याचं टोक चकतीत धरलेलंच राहतं, पुढच्या गठ्ठ्याला. आणि हे सगळं मी इथं जेवढ्या वेळात एक शब्द लिहितो तेवढ्यात उरकतं, एका गठ्ठ्याला दोन गाठी, दिवसभर, धुळीत.

हे डोकं कुणाचं असा प्रश्न मला गॅरेजला असल्यापासून पडायचा. मुलगी कॉलेजला आहे, तिने इंग्रजीतलं वाचून वाचून मला सांगितलं, आणि ऐकता ऐकता मला माझ्याच गोठ्यातली गोष्ट ऐकतोय असं वाटायला लागलं.

अमेरिकेत मॅकॉर्मिकचं गहू कापायचं मशीन १८३१ मध्येच आलं. कापणी झाली मशीनने, पण बांधणी हातानेच. मशीन पुढं आणि माणसं मागून वाकून पेंढ्या बांधतायत, म्हणजे कापायचा वेळ वाचला तो बांधण्यात गेला. १८५८ मध्ये इलिनॉयमधल्या मार्श बंधूंनी मशीनवरच उभं राहायला जागा केली, दोन माणसं तिथंच उभी राहून बांधणार, पायपीट वाचली, बांधणं काही वाचलं नाही. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये शेतावर कामाला असलेला १८ वर्षांचा एक पोरगा, जॉन ॲपलबी, चाकूने लाकूड तासून गाठ मारणाऱ्या मशीनचा नमुना करत होता. पैसे कोण देणार त्याला. पुढं त्यांचं यादवी युद्ध लागलं, पोरगा सैन्यात गेला, नमुना राहिला तसाच. मधल्या काळात १८६४ मध्ये रॉकफर्ड गावच्या जेकब बेहेलने ती चोच बनवली. आज माझ्या मशीनवर जी चोच फिरते ती मूळ त्याची, पण नाव कुठंही ॲपलबीचंच येतं, आता बेहेलचं दुःख बेहेलला माहीत.

चोच तर मिळाली पण शेतात, दमट हवेत, जाड-बारीक दोऱ्यावर ती दर वेळी गाठ मारेलच अशी खात्री कुणालाच देता येईना. मग लोकांनी सोपा रस्ता धरला. तार! तारेला गाठ लागतच नाही, दोन टोकं एकत्र धरून पीळ दिला की काम झालं, आणि पीळ देणारं मशीन करणं गाठीपेक्षा कितीतरी सोपं. १८७० च्या दशकात चार्ल्स विदिंग्टनचा तारेचा बाइंडर, म्हणजे कापून तिथंच पेंढी बांधणारं मशीन, आला, मॅकॉर्मिकने तो घेतला आणि हजारोंनी विकला. स्वतः ॲपलबीनेही तारेचंच मशीन करून बघितलं. शेतकरी खूश, मागची माणसं गेली, मजुरी वाचली. आणि मग दोन-चार हंगामांत ओरड सुरू झाली, की मळणीनंतर तारेचे तुकडे काडात राहतात, काड जनावरांपुढं जातं आणि तार जनावराच्या पोटात. गिरणीवाले वेगळेच तापलेले, गव्हातून तारेचे तुकडे जात्यात यायला लागले म्हणून.

मुलगी हे वाचत होती आणि मी गप्प बसलो होतो. का ते पुढं सांगतो, आधी त्यांचं पुरं करतो.

ॲपलबी परत दोऱ्याकडं वळला. बेहेलची चोच होती, रॉकफर्डच्याच मार्क्विस गोरहॅमने दोऱ्याच्या बाइंडरवर बरंच काम केलेलं होतं, या सगळ्यांतून शिकून आणि स्वतःची भर घालून १८७८ च्या सुमारास त्याने असं मशीन उभं केलं की जे शेतात दिवसभर दोऱ्याने पेंढ्या बांधून टाकत चालेल. विल्यम डीअरिंग नावाच्या कारखानदाराने त्याचे हक्क घेतले आणि १८८० च्या सुगीसाठी ३,००० मशीन बाजारात आणली. लोक त्याला वेड्यात काढत होते म्हणे. पुढच्याच वर्षी मॅकॉर्मिकला तार सोडून दोऱ्यावर यावं लागलं, आणि दोघांची भांडणं चालत चालत शेवटी १९०२ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र येऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली. आता आपला बेलर. गठ्ठे दाबायची मशीन आधीपासून होती, पण दोन्ही बाजूंना माणसं बसवून हाताने बांधायला लागायची, सगळी धूळ नाकातोंडात. पेनसिल्व्हेनियातल्या एडविन नोल्टने १९३० च्या दशकाच्या शेवटी काड स्वतः उचलून स्वतः गाठ मारणारा बेलर जुळवला, न्यू हॉलंड कंपनीने तो १९४० पासून विकायला काढला. म्हणजे गाठ ॲपलबीच्याच वळणाची, फक्त पेंढीच्या जागी गठ्ठा आला.

तर मुद्दा असा की तारेचं मशीन चांगलं चालत होतं. गाठीच्या मशीनपेक्षा चांगलं चालत होतं! तरी ते गेलं, आणि जाण्यात गाईच्या पोटाचा मोठा वाटा होता. एवढा अवघड, नाजूक, वैताग आणणारा नॉटर जगाने पत्करला तो दोरा पोटात गेला तर तारेसारखा टोचणार नाही आणि जमिनीत पडला तर कुजून जाईल म्हणून. आणि आम्ही काय केलं, नॉटर तोच ठेवला आणि त्यात प्लास्टिकचा दोरा भरला. आगीतून निघून फुफाट्यात, दुसरं काय.

आता मी गप्प का बसलो ते. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाची गाय, चांगली दुसऱ्या वेताची, दुधाला उतरली, मग खाणं कमी, मग रवंथ बंद, पोट डावीकडून टम्म. गावठी उपाय झाले, तेल पाजून झालं, मग डॉक्टरांनी पोट उघडायचं ठरवलं. मी गाईचं तोंड धरायला होतो. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात आत घालून जे काढलं ते घमेलंभर होतं. कॅरीबॅग होत्या, त्या कुठून आल्या ते सांगायला नको, गावभर पडलेल्या असतात. पण त्यात विणल्यासारखा गुंतलेला निळा दोरा होता, बोटभर, वीतभर तुकडे, आणि एक चांगला हातभर लांब, त्याच्या टोकाला गाठ तशीच. ती गाठ मी ओळखली साहेब. माझ्या मशीनची उजवीकडची चोच तेव्हा थोडी झिजलेली होती, ती टोकं अशी झिपरी ठेवायची. त्याच्या काडाचे गठ्ठे मीच बांधून दिले होते.

गाय वाचली. मी भावाला त्या दिवशी काही बोललो नाही, आठ दिवसांनी बोललो.

आता कुणी म्हणेल दोरा कापून काढून घ्यायचा, गाईला खायला घालायचा कशाला. बरोबर आहे, तसंच करायला पाहिजे. पण गोठ्यात संध्याकाळी काय होतं ते बघा, लाईट जायची वेळ, धारा काढायच्या राहिल्यात, गडी गठ्ठा उचलतो, विळ्याने दोरा कापतो, एक दोरा हातात येतो आणि दुसरा काडाबरोबर कुट्टी मशीनमध्ये. कुट्टीतून तो इंच-इंच होऊन बाहेर पडला की मग देवसुद्धा निवडून काढू शकत नाही. तागाचा असेल तर पोटात गेला तरी कुजेल तरी, प्लास्टिक जिथल्या तिथं राहतं आणि पुढच्या तुकड्याची वाट बघतं.

पूर्वी आपल्याकडं काय होतं, कडब्याची पेंढी धाटानेच बांधायची, बांधणी आणि चारा एकच. दावी, कासरे घायपाताच्या वाखाचे, अंबाडीचे. बांधावर घायपात असायचाच, काही भागांत त्याला केकताड म्हणतात. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या बाइंडरचा दोरा पण असल्याच झाडाचा. फिलिपाइन्सचा मनिला वाख होता, पण तो महाग, म्हणून मेक्सिकोतल्या युकातानमधून हेनेकेन यायचा, म्हणजे आपल्या घायपाताचा सख्खा भाऊ. त्या दोऱ्यावर तिथल्या मेरिदा शहरात जमीनदारांचे वाडे उठले आणि माया लोक कर्जापायी त्यांच्या मळ्यांत वेठीला राबले. इकडं अमेरिकेत दोऱ्याचे भाव मक्तेदारांनी एवढे चढवले की मिनेसोटा राज्याने स्टिलवॉटरच्या तुरुंगात कैद्यांकडून दोरा वळून शेतकऱ्यांना स्वस्तात विकायला सुरुवात केली, १८९० च्या दशकात. सरकार स्वतः दोरा वळायला बसलं, विचार करा! आणि आपल्याकडं दोऱ्याच्या गोळ्यावर एका किलोत किती मीटर ते सुद्धा धड छापलेलं नसतं.

हे मीटरचं मी उगाच म्हणत नाही. कुठलाही दोरा चालतो ही ओळ खोटी आहे ती इथं. एका किलोत मीटर जास्त म्हणजे दोरा बारीक, कमी म्हणजे जाड, आणि नॉटर एका जाडीवर बसवलेला असतो. चकतीची स्प्रिंग ढिली असेल तर गुळगुळीत प्लास्टिक दोरा गाठ पडायच्या आधीच निसटतो, एकाच टोकाला गाठ आणि गठ्ठा बेलरच्या बाहेर पडता पडता फुटतो. ती स्प्रिंग आवळली आणि मग त्यावर तागाची सुतळी चढवली तर ती चकतीतच चेंगरून तुटते. चोचीच्या जिभेची स्प्रिंग जास्त घट्ट असेल तर फास चोचीवरून सुटतच नाही, दोरा तुटतो नाहीतर गठ्ठा चोचीला लटकतो. पातं बोथट असेल तर टोकं कापली न जाता चावली जातात. प्रत्येकाची खूण वेगळी. तुटलेला दोरा हातात घेऊन टोक बघितलं की कळतं दुखणं कुठं आहे, पण आमचे लोक दोरा फेकून देतात आणि मशीनला शिव्या घालतात.

मी गाईच्या प्रकारानंतर तागावर जायचं ठरवलं तेव्हा मशीन जिथून घेतलं तिथं विचारायला गेलो. तर काउंटरवरचा पोरगा म्हणे ताग या मशीनला चालत नाही, गाठ बसत नाही, वॉरंटी जाईल. माझी वॉरंटी संपून सहा वर्षं झाली होती. मी घरी येऊन दोन दिवस झाडाखाली बेलर लावून बसलो. पावसाळ्यात चोच गंजलेली होती ती बारीक पॉलिश पेपरने आरशासारखी केली, खडबडीत चोचीवरून ताग सरकत नाही हे खरंच आहे. पातं घासलं. चकतीची स्प्रिंग पाव-पाव आटा ढिली करत गेलो, दर पाव आट्याला फ्लायव्हील हाताने फिरवून एक गाठ. एकेचाळीस गाठी बसल्या नाहीत, मुलीने मोजल्या, बेचाळिसावी बसली. गोळ्याला गोळा जोडताना जी गाठ मारायची ती लहान आणि टोकं छाटलेली पाहिजे, नाहीतर सुईच्या नेढ्यात अडकते, ते पण ठेच लागूनच शिकलो. जर्मनीतल्या क्लास कंपनीचं पहिलं पेटंट कशाचं तर नॉटरचंच, १९२१ चं, हलक्या दर्जाच्या दोऱ्यावरही गाठ पक्की बसावी म्हणून केलेलं. म्हणजे त्या लोकांनी दोरा खराब आहे म्हणून मशीन सुधारलं. आपल्याकडं मशीनला जमत नाही म्हणून गाईने जुळवून घ्यायचं.

ताग महाग पडतो, खोटं कशाला बोलू. गोळा लवकर संपतो, कधी मधेच जाड गुठळी येते आणि एखादा गठ्ठा सुटतो, पावसात गठ्ठे बाहेर राहिले तर दोरा कुजतो आणि उंदीर पण त्याला आधी लागतात. पाचटाचे गठ्ठे कारखान्याच्या बॉयलरला जाणार असतील तर ते जनावरापुढं जात नाहीत, तिथला हिशोब वेगळा, त्यावर मी बोलत नाही. पण चाऱ्याच्या गठ्ठ्याला मी आता ताग सोडून दुसरं लावत नाही, दर गठ्ठ्यामागे थोडे पैसे जास्त सांगतो, काही गिऱ्हाईकं तुटली, जी गाईवाली आहेत ती थांबली. ज्यांना प्लास्टिकच पाहिजे त्यांना सांगतो दुसरा बेलर बघा, आणि तो मिळतो त्यांना, लगेच मिळतो.

म्हणून विनंती अशी की पुरवणीत ती ओळ दुरुस्त करून छापावी. शक्य झालं तर गव्हाची काढणी सुरू व्हायच्या आधी नॉटरचं एक मोठं चित्र टाकावं, चोच कुठली, चकती कुठली, कुठली स्प्रिंग कशासाठी, लोक ते कापून शेडमध्ये चिकटवतील, मी तर नक्की. आयटीआयमध्ये आम्हाला लेथ शिकवला, वेल्डिंग शिकवलं, गाठ मारणारं मशीन असतं हेच कुणी सांगितलं नव्हतं, आता तरी एखादा जुना नॉटर वर्गात टेबलावर ठेवायला काय हरकत आहे, भंगारात किलोवर मिळतो. आणि तागाचा बेलरला चालणारा, एकसारख्या जाडीचा गोळा नगर जिल्ह्यात कुठं ठोक मिळत असेल तर आपल्या वाचकांपैकी कुणीतरी कळवावं, मी अजून पोत्यांच्या दुकानातून आणतो आणि प्रत्येक गोळा हाताने उलगडून गुठळ्या बघतो.

कळावे,
आपला एक वाचक व बेलरवाला,
ता. नेवासा, जि. अहिल्यानगर

ता.क. चुलतभावाची ती गाय मागच्या महिन्यात तिसऱ्यांदा व्याली, कालवड झाली. त्याच्या गोठ्यात आता दाराजवळ खिळ्याला एक डालड्याचा डबा टांगलाय, गठ्ठा सोडला की त्यात दोन दोरे पडले पाहिजेत, एकच पडला तर कुट्टी चालू करायची नाही.